व्यवस्था नको कुणाला? अपवादाची खुर्ची मात्र सगळ्यांना हवी

प्रश्न असा आहे: चीन, भारत, ब्राझील यांसारख्या उगवत्या सत्ता १९४५ नंतर उभी राहिलेली उदारमतवादी जागतिक व्यवस्था मोडायला निघाल्या आहेत का? आणि ती मोडली तर तिच्या जागी काय येईल?

उत्तर आधी सांगतो, कारणे मागून. मोडायला सहसा कुणी निघालेले नाही. यातल्या प्रत्येक देशाला या व्यवस्थेतली एक गोष्ट हवी आहे: नियमातून सूट घेण्याचा अधिकार. तो आजवर अमेरिकेकडे होता आणि थोडाफार आणखी चार-पाच देशांकडे. आता मागणाऱ्यांची रांग वाढली आहे. एक बडा देश नियमाला बगल देतो तेव्हा व्यवस्था कुरकुरत का होईना चालते. सहा-सात जण बगल देऊ लागले की नियम कुणासाठी उरतो, हा खरा पेच आहे.

माझी उमेदीची वर्षे बहुपक्षीय वाटाघाटींत गेली, बरीचशी व्यापाराच्या, थोडी कर्जफेडीच्या. त्या कामाने एक सवय लावली: भाषण ऐकायचे नाही, मसुदा वाचायचा. सकाळी व्यासपीठावरून नव्या जगाची पहाट जाहीर करणारा देश रात्री मसुदा समितीत कोणत्या शब्दांभोवती चौकोनी कंस घालून घेतो, ते पाहावे. (ज्या शब्दांवर एकमत नाही ते कंसात ठेवायचे, असा रिवाज आहे. 'करील' की 'करण्याचा प्रयत्न करील', एवढ्यावर दोन-दोन रात्री गेलेल्या मी पाहिल्या आहेत.) त्या कंसांतली भाषा वाचली तर उगवत्या सत्ता क्रांतिकारक वाटत नाहीत. वडिलोपार्जित वाड्यात आपला हिस्सा मागणाऱ्या धाकट्या भावासारख्या वाटतात. वाड्याला काडी लावायला आलेला माणूस वाटणीचा कागद मागत बसत नाही.

आधी शब्दांचा गुंता सोडवू. 'उदारमतवादी जागतिक व्यवस्था' या एका नावाखाली तीन वेगळी बिऱ्हाडे राहतात. पहिले संयुक्त राष्ट्रांचे: सर्व देश सार्वभौम, कुणी कुणाच्या सीमा बळाने बदलायच्या नाहीत. दुसरे अर्थकारणाचे: आंतरराष्ट्रीय नाणेनिधी (संकटात देशांना कर्ज देणारी संस्था), जागतिक बँक, व्यापाराचे नियम. तिसरे मानवी हक्कांचे, लोकशाहीचे आणि वेळ पडल्यास हस्तक्षेपाचे. पहिल्या आणि तिसऱ्या बिऱ्हाडाचे आपसात पटत नाही, हे चर्चेत नेहमी विसरले जाते. चीनला पहिल्याचा जप करायला आवडतो, दुसऱ्याचा फायदा त्याने इतर कुणाहीपेक्षा जास्त घेतला, तिसरे त्याला नको. भारताला पहिले हवे, दुसरे जपून हवे, आणि तिसरे आपल्या घटनेत असले तरी दुसऱ्याच्या घरात जाऊन लादणे त्याला पटत नाही. रशियाला मी या यादीत धरत नाही. ती उगवती सत्ता नाही. मावळतीच्या भीतीने हातघाईवर आलेली सत्ता आहे आणि तिचे गणित निराळे आहे.

ही व्यवस्था पाश्चात्त्यांनी बांधली आणि बाकीच्यांवर लादली, हेही अर्धेच खरे. नाणेनिधी आणि जागतिक बँक उभारण्यासाठी जुलै १९४४ मध्ये अमेरिकेत ब्रेटन वुड्सला ४४ देश जमले होते. स्वातंत्र्य मिळायच्या आधीच भारताचे शिष्टमंडळ तिथे होते. नेतृत्व जेरेमी रेझमन यांचे, आणि सदस्यांत रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर चिंतामणराव देशमुख. युद्धकाळात ब्रिटनकडे साचलेल्या भारताच्या स्टर्लिंग शिलकीचा, म्हणजे ब्रिटन भारताला देणे असलेल्या पौंडांचा, प्रश्न शिष्टमंडळाने लावून धरला, पण तो मान्य झाला नाही. नाणेनिधीतल्या कोट्यांचे (कोटा म्हणजे देशाची वर्गणी, आणि तीवर त्याची मते ठरतात) वाटप मात्र बघण्यासारखे आहे: अमेरिका २७५ कोटी डॉलर, ब्रिटन १३०, सोव्हिएत संघ १२०, चीन ५५, फ्रान्स ४५, भारत ४०. सोव्हिएत संघ नाणेनिधीत आलाच नाही, त्यामुळे भारत पहिल्या पाचांत गेला आणि मंडळावर स्वतःचा संचालक नेमण्याचा हक्क त्याला मिळाला. १९४७ च्या गॅट व्यापार करारावर सही करणाऱ्या २३ देशांतही भारत, ब्राझील आणि तेव्हाचा चीन होते. घराचा पाया खणला जात होता तेव्हा हे लोक तिथे उभे होते. त्यांची तक्रार पहिल्या दिवसापासून एकच: पंक्तिप्रपंच.

आणि पंक्तिप्रपंच होताच. सुरक्षा परिषदेतला पाच जणांचा नकाराधिकार सर्वांना ठाऊक आहे. नाणेनिधीतला कमी दिसतो. तिथे मोठ्या निर्णयांना ८५ टक्के मते लागतात आणि अमेरिकेकडे साडेसोळा टक्क्यांच्या आसपास आहेत. नकाराधिकार हा शब्द न उच्चारता दिलेला नकाराधिकार. १९५५ साली अमेरिकेने आपल्या शेतीवरच्या आयात-बंधनांसाठी गॅटमधून सूट मिळवली, तीही मुदतीची अट न घालता. गरीब देश कापड विकून वर येऊ लागले तेव्हा श्रीमंत देशांनी १९७४ पासून मल्टिफायबर कराराखाली त्यांच्यावर कोटे लावले. ते पूर्ण उठायला १ जानेवारी २००५ उजाडावा लागला. १९८६ मध्ये निकाराग्वाच्या खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने अमेरिकेविरुद्ध निकाल दिला, अमेरिकेने तो मानला नाही. १९९९ चे कोसोवो आणि २००३ चे इराक, दोन्ही युद्धे सुरक्षा परिषदेच्या परवानगीशिवाय. आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे.

मग बाकीचे इतकी वर्षे गप्प का बसले? पर्याय नव्हता, हे एक. शिवाय सूट घेणारा त्याची किंमतही भरत होता. अमेरिकेची बाजारपेठ बऱ्यापैकी उघडी होती, संकटात डॉलर मिळत होते, समुद्रमार्ग मोकळे राहत होते. सौदा विषम होता, पण सौदा होता.

उगवत्या सत्ता या सौद्यात काय मागतात, हे समजून घ्यायला भारताचेच उदाहरण पुरेसे आहे. अणुप्रसारबंदी करार पाच देशांना अण्वस्त्रे ठेवू देतो आणि इतरांना नाही. भारताने हा भेदभाव म्हणून त्यावर कधीच सही केली नाही. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अणुपुरवठादारांचा गट उभा राहिला, तो अशा चाचण्यांना आळा घालायला. त्याच गटाने सप्टेंबर २००८ मध्ये भारताला खास सवलत दिली, करारावर सही नसतानाही. करार सर्वांसाठी समान करा, ही जुनी मागणी मागे पडली. आपल्यापुरता अपवाद पदरात पडला आणि तो मोठा राजनैतिक विजय मानला गेला. होताही. माझा मुद्दा याहून सोपा करून मला सांगता येणार नाही.

दार बंद ठेवले की काय होते, याचा धडा जपानने आधीच दिला होता. ऐंशीच्या दशकातली उगवती सत्ता तीच. १९८१ पासून तिच्या मोटारींवर 'स्वेच्छेने' निर्यातमर्यादा आल्या (स्वेच्छा किती, ते सांगायला नको), १९८५ मध्ये प्लाझा करारातून येनचा भाव चढवला गेला. १९९७ मध्ये पूर्व आशियात आर्थिक संकट आले तेव्हा जपानने आशियाई नाणेनिधीची कल्पना मांडली. अमेरिकेने आणि नाणेनिधीने ती हाणून पाडली. तीन वर्षांत, २००० साली, त्याच भागातल्या देशांनी संकटात एकमेकांना परकीय चलन पुरवण्याचा चियांग माई उपक्रम सुरू केला. पुढच्या दाराने नाही म्हटले की लोक मागच्या अंगाला दार पाडतात.

हेच पुन्हा घडले, मोठ्या प्रमाणावर. २०१० मध्ये नाणेनिधीच्या कोट्यात उगवत्या देशांना थोडा जास्त वाटा द्यायचे ठरले. अमेरिकी काँग्रेसने मंजुरी द्यायला डिसेंबर २०१५ लावला. अंमल जानेवारी २०१६ मध्ये. मधल्या काळात जुलै २०१४ मध्ये ब्राझीलमधल्या फोर्तालेझा इथे ब्रिक्सच्या पाच देशांनी (ब्राझील, रशिया, भारत, चीन, दक्षिण आफ्रिका) स्वतःची बँक स्थापन करायचे ठरवले, पाचांचा वाटा समान, मुख्यालय शांघाय, पहिले अध्यक्ष के. व्ही. कामत. पाठोपाठ बीजिंगमधली आशियाई पायाभूत गुंतवणूक बँक आली. संस्थापक सदस्य ५७, आणि अमेरिकेची नाराजी ओढवून ब्रिटन त्यात सर्वांआधी उडी मारणाऱ्या पाश्चात्त्य देशांत होता. तिचा सर्वांत मोठा भागधारक चीन, दुसरा भारत. आणि मतभार? महत्त्वाच्या निर्णयांना तीन-चतुर्थांश मते लागतात आणि चीनकडे चौथ्या हिश्शाहून थोडी जास्त आहेत. ब्रेटन वुड्सची ती युक्ती चीनने जशीच्या तशी उचलली.

याहून बोलका तपशील ब्रिक्सच्या संकटनिधीत आहे. १०० अब्ज डॉलरचा हा निधी २०१४ मध्ये नाणेनिधीला पर्याय म्हणून गाजला. करार वाचला तर दिसते की एखाद्या सदस्याला आपल्या वाट्यातली फक्त ३० टक्के रक्कम थेट मिळते. उरलेल्या ७० टक्क्यांसाठी त्याचा नाणेनिधीशी करार झालेला असावा लागतो. कारण साधे आहे. स्वतःचे पैसे दुसऱ्याला द्यायची वेळ आली की प्रत्येकाला कुणीतरी कडक हिशेबनीस हवा असतो, आणि तो वाईटपणा आपण घ्यायला कुणी तयार नसतो. १०० अब्जांत चीनचे ४१, भारत-ब्राझील-रशियाचे १८-१८, दक्षिण आफ्रिकेचे ५. पैसा जास्त घालणाऱ्याला शिस्त जास्त हवी, हा नियम वॉशिंग्टनइतकाच शांघायलाही लागू.

आता व्यापार. या खोलीतल्या भिंती मला जास्त ओळखीच्या आहेत, त्यामुळे इथे थोडा रेंगाळतो.

जागतिक व्यापार संघटना १९९५ मध्ये आली आणि चीन ११ डिसेंबर २००१ ला तिचा सदस्य झाला. त्याच्या महिनाभर आधी व्यापार-वाटाघाटींच्या दोहा फेरीची घोषणा झाली होती. २००३ मध्ये कॅन्कूनला ब्राझील आणि भारताच्या पुढाकाराने विकसनशील देशांचा गट उभा राहिला आणि श्रीमंतांच्या शेती-अनुदानांवर अडून बसला, परिषद फसली. जुलै २००८ मध्ये जिनिव्हात सगळे जवळजवळ जुळत आले होते. अडले कुठे, तर शेतीमालाची आयात अचानक वाढली तर गरीब देशांना शुल्क वाढवता यावे, या विशेष संरक्षण तरतुदीवर. मसुद्यात उंबरठा होता ४० टक्के वाढीचा. भारताला तो फार उंच वाटत होता, अमेरिकेला तो खाली आणायचा नव्हता. बाहेरून पाहणाऱ्याला हा टक्केवारीचा पोरखेळ वाटतो. आतून पाहता प्रश्न एवढाच होता: कोट्यवधी अल्पभूधारकांचा देश म्हणून मला ती मुभा मिळेल का, जी तुम्ही १९५५ पासून वापरता?

२०१३ मध्ये बालीत भारताने सार्वजनिक अन्नसाठ्यासाठी 'शांतता कलम' मिळवले. हमीभावाने केलेल्या खरेदीतले अनुदान मोजताना १९८६-८८ च्या किमती आधार धरल्या जातात आणि मर्यादा उत्पादनमूल्याच्या १० टक्के. इतक्या जुन्या किमतीशी आजचा भाव ताडला तर कुणीही दोषी ठरेल. कायमचा तोडगा निघेपर्यंत याबद्दल खटला भरायचा नाही, असे ते कलम सांगते, आणि भारताने तांदळाच्या बाबतीत ते प्रत्यक्ष वापरले. कायमचा तोडगा अजून निघालेला नाही. पुन्हा बघा, भारताने शेती करार रद्द करा असे म्हटले नाही. अपवाद लिहून घेतला.

इथपर्यंत उगवत्या सत्तांबद्दल. पण व्यापाराच्या घराचे छत कुणी उडवले, ते सांगितल्याशिवाय उत्तर अप्रामाणिक ठरेल. संघटनेच्या अपिलीय मंडळावर, म्हणजे देशांमधल्या व्यापार-खटल्यांच्या वरच्या न्यायालयावर, सात सदस्य असतात आणि एक अपील ऐकायला तीन लागतात. अमेरिकेने नव्या नेमणुका अडवून धरल्या. ओबामांच्या काळात, २०१६ मध्ये, एका सदस्याची फेरनेमणूक रोखून सुरुवात झाली. ट्रम्प प्रशासनाने सरसकट अडवले. बायडेन प्रशासनानेही अडसर काढला नाही. डिसेंबर २०१९ मध्ये मंडळावर एकच सदस्य उरला आणि नोव्हेंबर २०२० मध्ये तोही निवृत्त झाला. अमेरिकेच्या सगळ्या तक्रारी खोट्या नव्हत्या. मंडळ ९० दिवसांची मुदत पाळत नसे आणि कधी कधी करारात नसलेले अर्थ काढत असे. पण न्यायाधीश आवडला नाही म्हणून न्यायालयाला टाळे ठोकणे, याला सुधारणा म्हणत नाहीत. कुंपणानेच शेत खाल्ले.

आणि मग शेतात बाकीचेही शिरले, हा भाग आपल्याकडे फारसा बोलला जात नाही. मंडळ नसल्यामुळे एक पळवाट तयार झाली: पॅनेलसमोर, म्हणजे खालच्या पायरीवर, हरलात तर अपील करा, ऐकायला कुणी नाही, त्यामुळे निकाल लटकतो. या कामात त्याला 'पोकळीत अपील' म्हणतात. साखरेच्या अनुदानांविरुद्ध ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला जिंकले तेव्हा भारताने जानेवारी २०२२ मध्ये असेच अपील केले. पुढे मोबाइल वगैरे वस्तूंवरील शुल्काच्या खटल्यांतही केले. निकेलच्या निर्यातबंदीवर युरोपीय संघाकडून हरल्यावर इंडोनेशियाने तेच केले. पोलादाच्या शुल्कावर हरल्यावर खुद्द अमेरिकेनेही. साखरेच्या खटल्यात फिर्यादी ब्राझील होता हे लक्षात घ्या. ब्रिक्सच्या छायाचित्रात हे दोघे हातात हात घालून उभे असतात.

उगवत्या सत्ता एका माळेचे मणी नाहीत, याचा आणखी एक पुरावा. अपिलीय मंडळाऐवजी तात्पुरती लवाद-यंत्रणा २०२० मध्ये युरोपीय संघाच्या पुढाकाराने उभी राहिली. चीन आणि ब्राझील तिच्यात आहेत, भारत नाही. उलट गुंतवणूक सुलभतेचा जो करार चीन आणि इतर शंभराहून अधिक देशांनी पुढे रेटला, तो २०२४ च्या अबुधाबी परिषदेत भारताने अडवला, कारण काही देशांनी आपसात करार करून तो संघटनेच्या चौकटीत घुसवणे भारताला मान्य नाही. म्हणजे चीन नियम वाढवू पाहतो आणि भारत एकमताच्या जुन्या नियमावर बोट ठेवून त्याला थांबवतो. यातला 'व्यवस्था मोडणारा' कोण, सांगा.

चीनला मात्र बाकीच्यांच्या टोपलीत टाकणे चूक आहे. जगातल्या कारखानी उत्पादनाचा तीस टक्क्यांच्या आसपास वाटा एकट्या चीनचा. त्याची बँक सरकारची, जमीन सरकारची, कंपनीत पक्षाची समिती. गॅटचे नियम लिहिणाऱ्यांनी असा प्रकार डोळ्यांसमोर धरलेलाच नव्हता. चीनने नियम मोडले यापेक्षा नियमांच्या जाळीतून मासा अख्खाच्या अख्खा निसटला, असे मी म्हणेन. निकाल तो पाळतही असे. दुर्मीळ खनिजांच्या निर्यातकोट्यांवर २०१४ मध्ये हरल्यावर त्याने २०१५ च्या सुरुवातीला ते कोटे उठवले. आणि २०२५ मध्ये अमेरिकी शुल्कवाढीच्या धुमश्चक्रीत त्याच खनिजांवर परवाना पद्धत लावली, या वेळी राष्ट्रीय सुरक्षेचे कारण देऊन. हे कारण त्याने कुणाकडून उचलले? अमेरिकेने २०१८ मध्ये पोलाद आणि अॅल्युमिनियमवर शुल्क लावताना तेच पुढे केले होते. अपवाद हा असा संसर्गजन्य असतो.

समुद्राच्या बाबतीत चीनची बाजू अधिक कमकुवत आहे. दक्षिण चीन समुद्राबाबत लवादाने १२ जुलै २०१६ रोजी फिलिपाइन्सच्या बाजूने निकाल दिला. चीनने तो रद्दी कागद म्हणून फेटाळला. त्याआधी दोनच वर्षे, जुलै २०१४ मध्ये, बंगालच्या उपसागरातल्या वादात लवादाने सुमारे साडेपंचवीस हजार चौरस किलोमीटरपैकी साडेएकोणीस हजार बांगलादेशला दिले आणि भारताने ते मुकाट मान्य केले. मोठ्या देशाने छोट्या शेजाऱ्याकडून हरून निकाल पाळल्याची उदाहरणे मोजकीच आहेत. हे उदाहरण भारताने जगासमोर जितके मांडायला हवे होते तितके मांडले नाही, असे मला नेहमी वाटते.

हस्तक्षेपाच्या प्रश्नावर थोडक्यात. मार्च २०११ मध्ये लिबियावरचा सुरक्षा परिषदेचा ठराव क्रमांक १९७३ मंजूर झाला तेव्हा ब्राझील, चीन, भारत, रशिया आणि जर्मनी तटस्थ राहिले. नागरिकांच्या रक्षणाचा अधिकार घेऊन कारवाई सत्तापालटापर्यंत गेली, आणि त्या दिवसापासून तिसऱ्या बिऱ्हाडाची पत गेली. ब्राझीलने त्याच वर्षी 'संरक्षण करतानाची जबाबदारी' अशी कल्पना मांडली: बळ वापरायला हरकत नाही, पण वापरताना परिषदेला हिशेब द्या. चांगली, मध्यममार्गी सूचना होती. पाश्चात्त्य राजधान्यांनी तिला थंड प्रतिसाद दिला आणि ब्राझीलनेही पुढे जोर लावला नाही. माझ्या मते ही या काळातली सर्वांत वाया गेलेली संधी. युक्रेनवरील आक्रमणानंतर २ मार्च २०२२ रोजी आमसभेत १४१ विरुद्ध ५ असे मतदान झाले, ३५ तटस्थ. ब्राझील बाजूने, भारत-चीन-दक्षिण आफ्रिका तटस्थ. यावरून या तिघांवर खूप टीका झाली, आणि सार्वभौमत्वाचा जप करणाऱ्यांनी नेमके इथे मौन धरणे हा दुटप्पीपणा होताच. पण २४ फेब्रुवारी २०२५ ला युरोपने मांडलेल्या ठरावाविरुद्ध मत देताना अमेरिका रशियाच्या बाजूला बसली, तेव्हा तटस्थ राहणारे एकदम मध्यममार्गी दिसू लागले.

कर्जाच्या टेबलावर उगवत्या सत्तांची भूमिका बदलली आहे. पूर्वी हे ऋणको होते, आता धनको आहेत. कर्ज बुडाले की श्रीमंत धनको पॅरिस क्लबमध्ये बसून एकत्र ठरवत. चीन आणि भारत त्याचे पूर्ण सदस्य नाहीत. झांबिया नोव्हेंबर २०२० मध्ये बुडाला आणि सरकारी धनकोंशी तोडगा निघायला जून २०२३ उजाडला. श्रीलंका एप्रिल २०२२ मध्ये थांबली; तिथे भारत, जपान आणि फ्रान्स यांनी धनकोंच्या समितीचे सहअध्यक्षपद घेतले आणि चीनच्या निर्यात-आयात बँकेने वेगळी बोलणी केली. अशा बोलण्यांत प्रत्येक धनको दुसऱ्याचा आकडा आधी कळावा म्हणून थांबतो. तिथे तत्त्वज्ञान कुणी काढत नाही. कोण किती वर्षे थांबणार आणि व्याज किती सोडणार, एवढेच चालते. आणि थांबण्याचा खर्च त्या देशातला सामान्य माणूस औषधाच्या आणि इंधनाच्या टंचाईत भरतो.

डॉलरबद्दल लोक फार विचारतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाची सुमारे ३०० अब्ज डॉलरची गंगाजळी गोठवली गेली तेव्हा जगभरच्या मध्यवर्ती बँकांत घबराट झाली, ती खरी. तरी जगाच्या परकीय चलनसाठ्यात डॉलरचा वाटा निम्म्याहून बराच वर आहे. पर्यायाची अडचण भारत-रशिया तेलव्यापारात दिसली. रशियाकडे रुपये साचले आणि त्या रुपयांचे करायचे काय, हे त्याला कळेना. रशियाचे परराष्ट्रमंत्री लावरोव्ह यांनी मे २०२३ मध्ये ही अडचण उघडपणे बोलून दाखवली. दुसऱ्याचे चलन ठेवायचे तर त्यात विकत घेण्यासारखे खूप काही हवे आणि हवे तेव्हा बाहेर पडता यायला हवे. चीनकडे पहिले आहे, दुसरे द्यायला तो तयार नाही. भारताकडे दोन्ही कमी.

मग पुढे काय? चीनची जागतिक व्यवस्था येणार, असे मला वाटत नाही. तेवढा खर्च उचलायची चीनची तयारी दिसत नाही. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने देशागणिक वेगवेगळे शुल्क जाहीर केले तेव्हा सर्वांना समान वागणूक देण्याचे व्यापाराचे मूळ तत्त्व तिने स्वतःच बाजूला ठेवले. भारतावर तर ऑगस्टमध्ये ते ५० टक्क्यांवर गेले. त्यानंतर जे देश अमेरिकेशी एकेकटे बोलणी करू लागले, त्यांच्यात उगवत्या सत्ताही होत्या. मला दिसते ते असे: संयुक्त राष्ट्रांची चौकट राहील, कारण ती सर्वांना स्वस्तात पडते. पैशाच्या आणि व्यापाराच्या बाबतीत गटागटाचे करार होतील, काही चांगले, काही फक्त छायाचित्रापुरते. लक्ष ठेवायचे तर शिखर परिषदांवर ठेवू नका. नाणेनिधीच्या २०२३ च्या आढाव्यात सर्वांचे कोटे सारख्याच प्रमाणात ५० टक्क्यांनी वाढवायचे ठरले, म्हणजे वाटे तसेच राहायचे. पुढच्या फेरीत वाटे हलतात का, ते पाहा. भारत त्या तात्पुरत्या लवादात जातो का, ते पाहा.

या सगळ्यात जे चित्रात नसतात त्यांच्याबद्दल सांगून थांबतो. जिनिव्हात छोट्या देशांचा एकच प्रतिनिधी चार समित्यांमधून पळत असायचा. काहींना तिथे कार्यालयही परवडत नाही. त्यांच्यासाठी लेखी नियम हेच काय ते सैन्य. अँटिग्वा आणि बार्बुडा, जेमतेम लाखभर वस्तीचा देश, ऑनलाइन जुगाराच्या सेवांवरून अमेरिकेविरुद्ध खटल्यात उतरला आणि २००५ मध्ये अपिलातही जिंकला. २००७ मध्ये लवादाने वर्षाला २.१ कोटी डॉलरपर्यंत प्रत्युत्तराचा हक्क दिला. २०१३ मध्ये अमेरिकेचे बौद्धिक संपदा हक्क स्थगित करण्याची रीतसर परवानगीही मिळाली. अमेरिकेने मात्र कायदा बदलण्याऐवजी ती सेवा-बाजारपेठ खुली ठेवण्याची बांधिलकीच मागे घेण्याची वाट धरली. व्यवस्था सर्वांत जोमात होती तेव्हाची ही गोष्ट. आज अँटिग्वाने तोच खटला भरला तर पॅनेलमध्ये बहुधा पुन्हा जिंकेल. मग समोरची बाजू अपील करील आणि ते ऐकायला खोलीत कुणी नसेल. आणि समोरची बाजू अमेरिकेची असायला हवी असेही आता उरलेले नाही. ती चीनची असेल, इंडोनेशियाची असेल, भारताचीही असू शकेल.